कर्नल पेल्हॅमच्या सहीवर हळद

सिडनीतल्या आमच्या क्वेकर्स हिलमध्ये मध्यंतरी एक बातमी फिरत होती, की चित्रलेखा देवस्थळीच्या घरात बंदुका आहेत. एखाददुसरी नव्हे, कपाट भरून. अमेरिकेतल्या कुठल्याशा सशस्त्र टोळीशी तिचा पत्रव्यवहार चालतो, आणि नवरा माधव बिचारा भीतीपोटी गप्प बसतो. बातमी ऐकून मला राग आला तो वेगळ्याच कारणानं. मी चित्रलेखाच्या अगदी शेजारी राहते. या भागातल्या बातम्या साधारणपणे माझ्या कुंपणापासून सुरू होतात. ही मात्र गावभर फिरून, शिळी होऊन माझ्याकडे आली.

अर्थात ती खोटी होती. तिचा उगम आमच्या मराठी मंडळाचा खजिनदार राजीव. कुरियरवाल्यानं चित्रलेखाचं पार्सल चुकून त्याच्या दारात टाकलं, आणि कस्टम्सच्या चिठ्ठीवर ‘मिलिशिया’ हा शब्द वाचून या गृहस्थानं पार्सल पोचवायच्या आधी फोन फिरवले. ऑस्ट्रेलियात बंदूक म्हटलं की माणसाचे कान टवकारतात. पार्सलमध्ये निघाला एक कागद. सव्वादोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका कर्नलनं लिहिलेलं, सही केलेलं पत्र. चित्रलेखा अशी पत्रं जमवते. बंदूक तिनं आयुष्यात हातात धरलेली नाही. तिला त्याची गरजही नाही, तिचा आवाज पुरतो.

चित्रलेखा एका हॉस्पिटलमध्ये नर्सेसचं रोस्टर लावते. म्हणजे कोण कुठल्या शिफ्टला येणार, कोणाच्या जागी कोण, हे ठरवणं. बाहेरून सोपं वाटतं. प्रत्यक्षात रोज पहाटे फोन वाजतो आणि पलीकडून कोणीतरी खोकून दाखवतं. इतकी वर्षं हे खोकले ऐकून तिला खरा आणि खोटा खोकला वेगळा ओळखता येतो. त्यामुळे तिचा माणसांवरचा विश्वास कमी आणि राग जास्त, असं माझं निदान आहे. मी तिला ते तोंडावर सांगितलं आहे. “लीना, तुझं निदान तुझ्याजवळ ठेव आणि तुझा कचऱ्याचा बिन माझ्या ड्राइव्हवेसमोरून हलव,” असं उत्तर मिळालं होतं.

हे पत्रांचं वेड लागलं ते तिच्या भावाकडे, न्यू जर्सीत. तिकडे गेली असताना एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात तिनं एक फाटकं पत्र सहज वाचायला घेतलं, आणि दुकानात उभी राहून मोठ्यानं हसली. ती सांगते, “अगं, तो कॅप्टन वरच्याला कळवतोय, की कवायतीला निम्मी माणसं आलीच नाहीत. एकाचा पाय दुखतोय, एकाची गाय व्यायलीय. मी म्हटलं, हा तर माझंच काम करतोय!”

मिलिशिया म्हणजे काय, हे तिनं मला कुंपणावरून समजावलं तेव्हा मी कढीपत्ता तोडत होते. अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा मोठं खडं सैन्य ठेवायची त्यांची तयारी नव्हती. मग १७९२ साली कायदा झाला, की अठरा ते पंचेचाळीस वयाच्या प्रत्येक धडधाकट गोऱ्या पुरुषानं गावच्या पथकात नाव घालायचं आणि बंदूक स्वतःची आणायची. कागदावर फौज तयार झाली. प्रत्यक्षात लोक रिकाम्या हातानं यायचे आणि बंदुकीऐवजी मक्याची धाटं खांद्यावर धरून कवायत करायचे. मग कॅप्टन कर्नलला लिही, कर्नल जनरलला लिही, अशी पत्रापत्री. शूरपणा, लढाई, तोफा त्यात जवळजवळ नाहीतच. कोण आला, कोण नाही आला, कोणाच्या बंदुकीला घोडाच नाही, कोणाला अधिकारी निवडलं कारण त्यानं सगळ्यांना रम पाजली.

“स्वातंत्र्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला कोण येणार, याची ही पत्रं आहेत,” ती म्हणाली. “घोषणा देणारे सगळ्यांना माहीत असतात. हजेरी घेणारे कोणाला माहीत नसतात.”

मी म्हटलं, “वा कर्नल!” तेव्हापासून मी तिला कर्नल म्हणते.

या कर्नलबाईंचं काम बघण्यासारखं असतं. पत्र काढायच्या आधी ती अंगठी, बांगडी, घड्याळ उतरवते, हात धुऊन कोरडे करते आणि दहा वेळा पंच्याला पुसते. टेबलावर चहा नाही, पाणी नाही, मीही नाही. मला दाराजवळच्या खुर्चीत बसवलं जातं. ती आधी मजकूर वाचत नाही, सही बघते. पुष्कळदा पत्र कारकुनानं लिहिलेलं असतं आणि साहेबानं खाली फक्त नाव टाकलेलं असतं. तिला हवं असतं ते अख्खं साहेबाच्या हातचं. विकणारे लबाड असतात. कारकुनाच्या पत्राला साहेबाचं म्हणतात. मग चित्रलेखा त्यांना अशा ईमेल लिहिते, की मी त्या मोठ्यानं वाचून घेतल्या आहेत, नुसत्या करमणुकीसाठी. एका विक्रेत्याला तिनं लिहिलं होतं, की तुमचा कर्नल ‘पी’ची शेपटी डावीकडे वळवतो, माझा कर्नल उजवीकडे, तेव्हा दोघांपैकी एक जण खोटा आहे आणि माझा मेलेला असल्यामुळे खोटं बोलू शकत नाही.

हा ‘माझा कर्नल’ म्हणजे अमोस पेल्हॅम, कनेटिकटचा. राजीवच्या दारात पडलेलं पार्सल त्याचंच. अख्खं पत्र त्याच्या हातचं, आणि खाली सही अशी ठसठशीत, की लेखणी कागदात रुतल्याचं बोटाला नाही तरी डोळ्याला कळावं. त्यात तो जनरलला लिहितो, की मी या लोकांना दंड करून थकलो, शिव्या देऊन थकलो, आता तुम्हीच येऊन त्यांची धाटं मोजा. चित्रलेखा या पत्राच्या मागे काही वर्षं होती.

आता आमच्या लोकांची गंमत. गंमत म्हणजे खरं तर चीड. कोणीही तिच्या घरी आलं, की पहिला प्रश्न ठरलेला. “अमेरिकेचं कशाला? आपला केवढा इतिहास पडलाय!” हे विचारणाऱ्या एकाही माणसाच्या घरात आपल्या इतिहासाचा चिठोरा नाही. टीव्हीखाली एक पितळी तोफ असते, शोपीस, त्यावर धूळ. माधव तर सर्वांत वरचढ. पंधरा वर्षं त्यानं पार्टीत एकच विनोद केला, “आमच्या हिचे अमेरिकन काका, महिन्याला पत्र येतं!” आणि लोक पंधरा वर्षं हसले. मीही कधीमधी हसले असेन, मी कुठल्याही विनोदाला हसते. पण चित्रलेखा हसायची नाही, हे मी बघत होते.

मग गेल्या वर्षी शहरातल्या एका मोठ्या ग्रंथालयानं तिला विचारलं. पश्चिम सिडनीतल्या साध्यासुध्या घरांत लोकांनी काय काय जतन करून ठेवलं आहे, याचं प्रदर्शन होतं. त्यांची एक बाई येऊन सगळी पत्रं बघून गेली आणि म्हणाली, मध्यभागी पेल्हॅमचं पत्र ठेवू या. त्या दिवशी चित्रलेखा कुंपणापाशी आली आणि तिनं माझ्या कढीपत्त्याचं कौतुक केलं. कढीपत्त्याचं! तिच्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिला “कशाला?” न विचारता “कधी आणता?” विचारलं होतं.

त्या दिवसापासून माधवचं व्याकरण बदललं. ‘हिचे काका’ जाऊन ‘आमचं कलेक्शन’ आलं. ट्रेनमध्ये, दुकानात, हॅरिस पार्कला मिठाई घेताना, जो भेटेल त्याला “आमचं कलेक्शन लायब्ररीत चाललंय!” मुलगी ईशानी, युनिव्हर्सिटीत शिकते, ती शांतपणे म्हणायची, “बाबा, यू डोन्ट इव्हन नो व्हॉट्स इन इट.” माधव म्हणायचा, “तपशील आई बघते.”

ग्रंथालयाची माणसं मंगळवारी पत्र न्यायला येणार होती. मंडळाचा दसरा होता आदल्या रविवारी.

आमच्या मंडळाचा अध्यक्ष अजित, माधवचा कॉलेजपासूनचा मित्र. माणूस उत्साही. उत्साही माणसांची मला भीती वाटते. दसऱ्याला शस्त्रपूजन हवंच, हा त्याचा हट्ट, आणि भाड्याच्या हॉलमध्ये तलवार काय, धारदार सुरीही चालत नाही, हा हॉलचा नियम. त्यामुळे दर वर्षी पाटावर तेच असतं: कोणाचं ड्रिल मशीन, कोणाचा लॅपटॉप, गाड्यांच्या किल्ल्या आणि एक स्टेथोस्कोप. या वर्षी अजितला काहीतरी “ऑथेंटिक” हवं होतं. आणि माधव म्हणाला, “आमच्याकडे मिलिटरीचं आहे की!”

चित्रलेखा त्या दिवशी सकाळीच हॉस्पिटलला गेली होती. तीन जणी एकदम खोकल्या होत्या. पत्र खास फोल्डरमध्ये घालून जेवणाच्या टेबलावर तयार ठेवलेलं होतं. माधवनं ते उचललं. बायकोला फोन करावा, असं त्याला वाटलं नाही, कारण आता ते ‘आमचं’ होतं.

मी हॉलच्या किचनमध्ये श्रीखंड वाढत होते. बाहेर काय घडलं, ते मी अनेकांकडून काढून घेतलं आहे, त्यामुळे खात्रीनं सांगते. पत्र फोल्डरमधून काढून पाटावर ठेवलं, ड्रिल मशीन आणि लॅपटॉप यांच्या मध्ये. अजितनं अनामिका पाण्यात बुडवली, हळदीत बुडवली, आणि विचारलं, “कुठे लावू?” आता आपल्यात रीत अशी, की वस्तूच्या मुख्य जागी लावायचं. गाडी असेल तर स्टिअरिंगला. म्हणून माधव, जो पंधरा वर्षं एक पत्र वाचू शकला नव्हता, तो त्या दिवशी जाणकाराच्या थाटात म्हणाला,

“सहीवर लाव. सही मेन असते.”

अजितनं सहीवर हळद लावली. त्यावर कुंकू लावलं. वर अक्षता टाकल्या, आणि फुलानं पाणी शिंपडलं.

पाणी पडल्यावर शाई हलली. सव्वादोनशे वर्षं जागची न हललेली शाई. माधवला ते दिसलं. मग राजीव मदतीला धावला. राजीव धावला की काम संपतंच. तो किचनमध्ये येऊन म्हणाला, “लीना, साबण कुठाय? हळद पडलीय.” मला वाटलं, कोणाच्या तरी कुर्त्यावर वरण सांडलं असेल. “अरे, हळदीला साबण लावू नकोस, लाल होईल!” मी ओरडले. तोपर्यंत सिंकवरचा लिक्विड सोप टिश्यूवर घेऊन तो पळालाही होता. पोराचं झबलं एकदाही न धुतलेला माणूस. पिवळ्या हळदीला साबण लागला की ती रक्तासारखी लाल होते, हे त्या हॉलमधल्या प्रत्येक बाईला माहीत होतं, आणि पाटाभोवती एकही बाई नव्हती.

चित्रलेखा आली ती सरळ कामावरून, गळ्यात ओळखपत्र तसंच. मी पळी हातात घेऊन बाहेर आले होते. ती पाटासमोर उभी राहिली. कागदाचा खालचा कोपरा ओला, फुगलेला, लालभडक, आणि पेल्हॅम या नावातला फक्त ‘पी’ शिल्लक.

“हे कोणी केलं?”

आरतीचं ताट धरलेला हात खाली येईना.

“माधव, माझं पत्र घराबाहेर कोणी आणलं?”

“अगं, पूजेलाच आणलं. मान म्हणूनच...”

“मला विचारलंस?”

“तू कामात होतीस.”

“तुझ्या लॅपटॉपचा पासवर्ड बदलायचा असला तर मला सतरा फोन करतोस. मी कामात असताना. याला एक फोन करता आला नाही?”

“वहिनी,” अजित पुढे झाला, “शांत व्हा. सणाचा दिवस आहे. आणि हळदच आहे, विष नाही. शुभ असते.”

“तुझा पासपोर्ट दे.”

“काय?”

“दे ना. शुभ करते.”

कोणीतरी हसलं. मीच असेन. आणि मग मला राहवलं नाही, मी हळूच म्हणाले, “कर्नल, तुमच्या मिलिशियात शेवटी रक्त सांडलंच म्हणायचं.” चित्रलेखानं माझ्याकडे पाहिलं. “आज नको, लीना.” एवढंच. मी पळी घेऊन परत किचनमध्ये गेले. तिथे श्रीखंड ढवळताना माझ्या लक्षात आलं, की मला कित्येक वर्षांत इतका संताप आला नव्हता. एकदा बाहेर येऊन मी राजीवला म्हणालेही, “बंदुका असत्या तर बरं झालं असतं रे तिच्याकडे.”

पुढचे दोन दिवस मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उपाय वाहत होते. उन्हात ठेवा, हळदीचा डाग उन्हात उडतो. (उडतो, आणि शाईही उडते.) इस्त्री फिरवा. लिंबू लावा. झेरॉक्स असेलच ना? एका महाशयांनी लिहिलं, नो वरीज, जुन्या वस्तूला डाग शोभून दिसतो. सगळ्यांत खाली अजितनं हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि लगेच कोजागरीच्या मसाला दुधासाठी नावं मागितली. ‘आमच्या हातून चूक झाली’ हे चार शब्द त्या अख्ख्या ग्रुपवर एकानंही लिहिले नाहीत. मी लिहिलं, “अजित, तू माफी मागितलीस का?” त्याला कोणीतरी अंगठा दिला आणि पुढे दुधाची नावं सुरू.

मंगळवारी ग्रंथालयाची बाई आली. तिनं भिंग लावून पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाली, आता या कागदाला हात लावला तर उरलंय तेही जाईल, आणि या अवस्थेत उजेडात ठेवता येणार नाही. पेल्हॅमशिवाय बाकीची पत्रं मध्यभागी ठेवण्याजोगी नव्हती. आयत्या वेळी जागा भरायची म्हणून त्यांनी दुसऱ्या कोणाचा तरी काडेपेट्यांचा संग्रह घेतला. बाई जाताना दारात म्हणाली, “आय ॲम सो सॉरी.” जिचा काहीच दोष नव्हता, ती म्हणाली. माधव त्या वेळी गॅरेज आवरत होता. हल्ली तो गॅरेज फार आवरतो. त्यानं बायकोची माफी मागितली आहे, रडून मागितली, हे ईशानीनं मला सांगितलं. ती पुढे म्हणाली, “बट ही स्टिल सेज ‘आपलं नुकसान’ झालं. आपलं!”

कोजागरीच्या आधी एका दुपारी अजित आणि राजीव देवस्थळींच्या दारात आले. मी योगायोगानं माझे बिन धूत होते. योगायोगानं पाण्याचा पाइप बंद होता, त्यामुळे सगळं ऐकू आलं. अजितच्या हातात नारळ, राजीवच्या हातात शालीची पिशवी.

“वहिनी,” अजित म्हणाला, “कमिटीनं एकमतानं ठरवलंय. कोजागरीला तुमचा जाहीर सत्कार करायचा. संग्राहक म्हणून. शाल, श्रीफळ, मानपत्र. तुम्ही दोन शब्द बोलायचे.”

“कुठल्या विषयावर?”

“तुमचा छंद. आणि जमलं तर शेवटी, झालं गेलं विसरून मंडळ एक कुटुंब आहे, असं काहीतरी.”

“म्हणजे मी तुम्हाला माफ केलं, हे मी माइकवर सांगायचं. तुम्ही मागायच्या आधी.”

“तसं नाही हो,” राजीव म्हणाला, “सत्कार म्हणजे तेच ना एका अर्थी.”

“राजीव, तू माझ्या घरात बंदुका असल्याचं सांगत फिरलास, तेव्हाही मला दिवाळीचा फराळ पाठवला होतास. सॉरी म्हणाला नव्हतास.”

राजीवनं शालीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. अजित जरा दुखावल्यासारखा झाला. एवढं करायला आलो आणि ही बाई अजून तेच धरून बसली आहे, असा चेहरा.

“वहिनी, एक बोलू? राग मानू नका. आपल्या पेशव्यांचं पत्र असतं, तर आमच्याकडून असं झालं असतं का?”

“तर तू दुप्पट हळद लावली असतीस.”

हे ऐकून मी बिनच्या आड तोंड लपवलं. अजितनं आवाज खाली आणला. “हे बघा, मी चाळीस जणांच्या जेवणाची ऑर्डर दिलीय, बॅनर छापायला गेलाय, तुमचं नाव आहे त्यावर. मी तुमच्या दारात नारळ घेऊन उभा आहे. आणखी काय करायला हवं मी? सांगा तुम्हीच.”

चित्रलेखानं त्याच्या हातातल्या नारळाकडे बघितलं, घेतला नाही.

“माफी मागायला नारळ लागत नाही, अजित. तोंड लागतं. ते घेऊन ये.”